बोटभर फट

खोका वास्कोहून टेम्पोत आला. चौघांनी उतरवला.
आत परक्या लिपीतली वर्तमानपत्रं,
त्यांच्या पोटात पुढचा बंपर, दोन बाजूंचे स्कर्ट,
चार चाकांच्या चार रुंद कमानी, शेपटीचा स्पॉयलर
आणि पिशवीभर स्क्रू. मोजले, एक कमी.
"सगळं आपोआप बसतं, दयानंदबाब," इनास म्हणाला,
"मी व्हिडिओ पाहिलाय."
व्हिडिओत बसतंच.

बावीस वर्षं मी कुटबणच्या धक्क्यावर
ट्रॉलरांची पोटं फायबरने लिंपतोय.
काचेची कूस कातडीत इतकी मुरलीय
की बायको माझे कपडे अजून वेगळ्या बादलीत भिजवते.
पण होडी पाण्याशी जुळवायची असते,
पाणी थोडंफार सांभाळून घेतं.
ही दोन दारांची लाल गाडी
काहीच सांभाळून घेईना.

बंपर नुसता टेकवून पाहिला.
डावीकडे नखही जाईना.
उजवीकडे फट,
करंगळीची नाही, मधल्या बोटाची.
इनास बंपरला शिव्या देऊ लागला, मग जपानला.
मी टेप घेतली, चाकापासून चाकापर्यंत तिरकी मोजली,
मग उजव्या मडगार्डवर टिचकी मारली.
टण् नाही. ठप्.
रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली कधीचा तरी अपघात
जो विकणाऱ्याने सांगितला नव्हता.
बंपर सरळच होता.

तो थोडा वेळ पायरीवर बसला.
नऊ महिने क्रूझवर दुसऱ्यांचे ग्लास पुसून
त्याने ही गाडी घेतली होती.

कमानी लावायच्या तर आधी पत्रा कापायचा.
मी मास्किंग टेपने गोल आखला, खुशालीने बॅटरी धरली,
आणि इनास म्हणाला, "मी जरा सोडा पिऊन येतो."
लोक जनावराला सुई टोचताना असेच बाहेर जातात.
ग्राइंडर लागला. ठिणग्या, जळक्या रंगाचा वास,
दारातलं कुत्रं उठून चिंचेखाली गेलं.
चार लाल कोरी जमिनीवर पडल्या, हात लावता येणार नाही इतक्या गरम.
त्याची आई मधेच डोकावली.
"पुता, बरी आसली न्हय गाडी?"
पुत तिथे नव्हता. मी हातातल्या ग्राइंडरकडे पाहत राहिलो.

साळ नदीवरून दमट वारा आला की
रेझिन आवळायला वेळ घेतं.
मग हार्डनरचे दोन थेंब जास्त.
किती दमट असेल तर दोन, हे डब्यावर लिहिलेलं नसतं.
उजवीकडची फट मी थरावर थर देऊन भरली,
घासली, पाण्याने घासली, डोळे मिटून हाताने घासली,
कारण डोळे रंगाला भुलतात.

आठव्या दिवशी गाडी तयार झाली
आणि शेडमधून बाहेर निघेना.
जमिनीपासून चार बोटं उंच,
आणि शेडचा उंबरठा सहा.
शेवटी होडी पाण्यात सारायचे ओंडके आणले,
वर फळ्या टाकल्या. धक्क्यावरून परतणारे सातआठजण
न बोलावता हात लावायला आले,
होडीला लावतात तसा, खांद्याने.
रंगाला खांदे लागताना इनास ओरडत होता.
उंबरठा गेला, गटार गेलं,
पंचायतीचा गतिरोधक कोणाच्या लक्षातच नव्हता.

खर्रर्र.

इनास गुडघ्यावर बसला.
ओरखड्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
खांदे लावणारे आपापल्या पिशव्या उचलून
सावकाश निघून गेले, एकजण हळूच हसत.
सोमवारी त्याचं विमान होतं.

आता गाडी माझ्याच शेडमध्ये, निळ्या ताडपत्रीखाली.
दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करतो,
शेजारच्या कोंबड्या पळतात, मग सवयीने परत येतात.
ताडपत्री ओढण्याआधी
उजव्या कोपऱ्यावरून मधलं बोट एकदा फिरवतो.
काही लागत नाही.
पुढच्या रविवारी पुन्हा फिरवतो.